पाटी धरून बसलेले अप्पा

एप्रिल लागला की समोरच्या इमारतीच्या गच्चीवर निळे ड्रम चढायला लागतात. मग टँकर येतो, खाली पाइप धरणारा आणि वरून वाकून बोलणाऱ्या बायका यांची ओरडाओरड सुरू होते, आणि चारच्या सुमाराला मी चहाला दोन कप पाणी ठेवते. ठेवून झाल्यावर लक्षात येतं. ओतून द्यावं तर पाणीटंचाईचे दिवस. म्हणून दोन्ही कप मीच पिते.

नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हा या शहरात लग्नाच्या पंगतीतसुद्धा चालणारा विषय आहे. शहराचं नाव बदललं, बीड बायपासवर पूल झाले, आमच्या गल्लीत तीन मेडिकलची दुकानं आली, पण नळाचा वार अजून कुणाला पाठ झालेला नाही. मी एकटी माणूस, मला पाणी लागून लागतं किती? तरी टँकरचा हॉर्न आला की हातातल्या उत्तरपत्रिका तशाच टाकून मी गॅलरीत जाते. समोर बघण्यासारखं काही नाही, लोकांचे वाळत घातलेले कपडे आहेत. एका उन्हाळ्यात मात्र तिथे मोकळा प्लॉट होता, त्याच्यामागे इथल्याच सातारा गावाचा डोंगर होता आणि अलीकडे, याच गॅलरीत, स्टुलावर माझे वडील बसलेले असायचे. छातीशी पाटी धरून.

दुष्काळाचं वर्ष होतं ते. जायकवाडीत वापरायला पाणी उरलं नव्हतं आणि पेपरात रोज पैठणकडच्या भेगाळलेल्या जमिनीचा फोटो यायचा. तोच तो फोटो वाटायचा मला, पण अप्पांना मी वाचून दाखवताना ते विचारायचे, "आज कोन्त्या बाजूनं काढलाय?" अप्पांनी शहरातल्या छावणी भागात तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला होता. मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला, आई गेली आणि पाठोपाठ काचबिंदूनं त्यांचे डोळे नेले. उजेड आणि सावली एवढंच कळायचं. माझं लग्नाचं राहून गेलेलं, शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी. असे आम्ही दोघं त्या नव्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर.

त्या मार्चमध्ये सिल्लोडकडचे धाकटे काका वारले. दहाव्याला गेलो तर पाटावर त्यांचा हार घातलेला फोटो. मतदान कार्डावरचा मोठा करून आणलेला. आयुष्यभर दुसऱ्यांना हसवणारा माणूस त्या फोटोत पोलिसानं दम दिल्यासारखा दिसत होता. अप्पांनी विचारलं, "फोटो कसा हाय गं बाई?" मी म्हटलं, "बरा आहे." मराठवाड्यात वडील मुलीला बाई म्हणतात, आणि ती खोटं बोलली की त्यांना ते आवाजावरून कळतं.

येताना एसटीत फुलंब्रीपर्यंत मी एकच विचार करत होते. अप्पांचा फोटोच नाही. हजारो लोकांना त्यांनी स्टुलावर बसवलं, हनुवटी वर करा म्हटलं, पण ते स्वतः कायम कॅमेऱ्याच्या मागे. आईचा सुंदर मोठा फोटो भिंतीवर आहे. अप्पांनी काहीतरी चिडवलं म्हणून ती ओठ दाबून हसते आहे. अप्पांचा मात्र आधार कार्डावरचा तेवढा. उद्या काही झालं तर मी तोच मोठा करून आणणार होते की काय?

पण त्यांना सरळ म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे वय झालेल्या माणसाला म्हणावं, या, तुमचा छान फोटो काढू, तर तो म्हणतो, काहून, माझी घाई झाली का तुम्हाला? अप्पा स्टुडिओतले किस्से सांगायचे. एखादा मुलगा म्हाताऱ्या बापाला फसवून आणायचा, बँकेच्या कामाला फोटो पाहिजे म्हणून, आणि म्हातारा स्टुलावर बसल्यावर अप्पांच्या कानात विचारायचा, "बँकेचाच हाय ना?" अप्पा म्हणायचे, "बँकेचाच." म्हणून मीही फसवायचं ठरवलं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, प्रदर्शनाला उपयोगी पडेल म्हणून मला एक जुना डीएसएलआर घ्यायचाय, तुम्ही पारखून द्या, असं सांगितलं.

अप्पा खूश झाले. लगेच शफीकभाईंना फोन. शफीकभाई तरुणपणी अप्पांच्या हाताखाली शिकले, आता लग्नांचे फोटो काढतात. त्या वर्षी लोकांनी लग्नं पुढे ढकलली होती, कॅमेरे घरात बसून होते. त्यांच्याकडे दोन जुने होते, त्यातला एक ते विकायला तयार होते.

"दोनों रख लो उस्ताद," ते पिशवी टेबलावर ठेवत म्हणाले. "आराम से देखो. जो पसंद आया वो टीचरबाई का, बचा सो मेरा. मेरेकू कौनसी जल्दी है? शादियाँइच नहीं हैं."

दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, पाचेक वर्षांच्या अंतराने निघालेले. पहिला जड, अंग धातूचं, पकडीचं रबर निघून पुन्हा चिकटवलेलं. दुसरा नंतरचा, हलका, मागचा पडदा मोठा. अप्पांनी दोन्ही मांडीवर घेतले, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला, मग एकेक कानाजवळ धरून बटण दाबलं. पहिला खाडकन वाजला. दुसऱ्यानं नुसतं च्यक केलं.

"हा," पहिल्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "फोटो निघाला हे समोरच्याला कळाया पायजे. हा दुसरा चोरावानी काढतो."

"अप्पा, आवाजावरून कोणी कॅमेरा घेतं का?"

"मंग डोळ्यावरून तू सांग. पण रीतसर सांग."

रीतसर म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. रोज चार वाजता, गॅलरीत, त्याच स्टुलावर, तेच माणूस. लेन्स एकच, ती आलटून पालटून दोघांना लावायची. तीही गॅलरीत नाही, घरात येऊन, दार लावून, कारण हवेत धूळ. आज पहिला आधी तर उद्या दुसरा आधी. "फरक कॅमेऱ्यातला दिसला पायजे, उजेडातला नाय," असं त्यांचं शास्त्र. प्रयोगाच्या तासाला मी मुलींना हेच सांगते, पण घरी मला तेच कुणीतरी सांगत होतं याची मजा वाटली. माणूस अर्थात अप्पाच. घरात दुसरं होतं कोण? मी मनात म्हटलं, अप्पा फसले.

पण ते पाटी घेऊन बसले. स्टुडिओतली जुनी दगडी पाटी, भरतीच्या फॉर्मला नाव आणि तारीख लिहून छातीशी धरायची असते तसली. खडूनं त्यांनी स्वतः चाचपडत मोठा आकडा काढला, १. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या वेळी पुसून २.

"अप्पा, पाटी कशाला? कुठल्या कॅमेऱ्याचा फोटो ते कॉम्प्युटरमध्ये आपोआप लिहिलेलं असतं."

"कॉम्प्युटर लिहितो ते कॉम्प्युटर वाचतो. माणसाला पाटी लागते."

"एक तरी पाटीशिवाय काढू द्या ना."

त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेनं फिरवली. "पाटी हाय तवर ही चाचणी हाय, बाई. पाटी खाली ठेवली की मंग तो हाराचा फोटो. व्हय का नाय?"

म्हणजे फोटो बँकेचा नाही हे माझ्याही म्हाताऱ्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कॅमेऱ्यात डोळा घातला आणि बराच वेळ काढला नाही.

तरी चाचणी थांबली नाही. सकाळची शाळा होती. एरवी मी पेपर तपासायला तिथेच तीनपर्यंत बसायची, त्या उन्हाळ्यात गठ्ठा घरी आणायला लागले. जेवण, थोडी झोप, मग चहा, मग फोटो. संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या. मी फोटो मोठा करून जे दिसेल ते सांगायचं आणि अप्पांनी प्रश्न विचारायचे. कानाच्या पाळीवरचे केस वेगळे दिसतात का? पांढऱ्या सदऱ्याची घडी उजेडात हरवली का? सावलीत दाणा, म्हणजे ती रवाळ खरखर, किती? त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. डाव्या भुवईत एक जुनी खोक होती, ती मला एकेचाळिसाव्या वर्षी कळली. पहिल्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत आकाशात वरच्या कोपऱ्यात धुळीचा एक ठिपका यायचा. शफीकभाईंनी आम्हाला देण्याआधीच फुंकून, पुसून पाहिला होता, गेला नव्हता. दुसरा सावलीत सरळसरळ चांगला होता. मी तसं म्हणायची, अप्पा पहिल्याची बाजू घ्यायचे.

फोटोंत मागे प्लॉटवर खड्डा झाला. मग खड्ड्यातून लोखंडी गजाळी वर आली. आम्ही भांडी घासलेलं पाणी कुंडीला घालत होतो आणि समोर टँकर लावून खांबांना पाणी मारत होते. अप्पांना तो पाण्याचा आवाज आवडायचा. "पाऊस पडल्यावानी वाटतंय," म्हणायचे, आणि मग लगेच बिल्डरला शिवी द्यायचे. पहिला स्लॅब पडला त्या दिवशी डोंगराचा पायथा फोटोतून गेला. मी त्यांना सांगितलं नाही. पण पंधरवड्यानं तेच म्हणाले, "वारा कमी झालाय गं. पुढं काय उभं राह्यलंय का?"

एकदा दोन फोटोंच्या मध्ये, मी आत जाऊन लेन्स बदलून आले तर ते आपल्या आपणच बोलत होते.

"लई हात पुसले मी."

"कसले हात?"

"लोक गेल्यावर फोटो आणायचे. लग्नातला, जत्रेतला, पाच-सहा जण उभे असलेला. त्यातला एक काढून मोठा करून द्या म्हणायचे. त्या एकाच्या खांद्यावर कोनाचा तरी हात असायचाच. तो ब्रशनं पुसायचा." पाटी मांडीवर टेकवून म्हणाले, "पैठणकडची एक बाई व्हती. नवऱ्याचा फोटो केला, हात पुसला, फ्रेम दिली. बघितलं अन् म्हनली, हात कुठं गेला? म्हनलं, पुसला. म्हनली, दिराचा हात व्हता तो, दोघं कधी येगळे बसले नाय. असू द्या की. मंग परत नवा करून दिला, हातासकट."

"मग त्यानंतर?"

"मंग इचारून पुसायला लागलो."

मी पाटी नीट धरा म्हटलं आणि फोटो काढला. तो दुसऱ्या कॅमेऱ्याचा होता. त्यात अप्पांचे ओठ किंचित उघडे आहेत, अजून काही सांगणार असल्यासारखे.

मे महिन्यात एक गंमत झाली. आमच्या बाजू उलटल्या. अप्पा म्हणायला लागले, दुसरा घे, वर्गात उजेड कमी असतो, तुला त्योच कामाचा. आणि मी म्हणायला लागले, पहिलाच घेऊ, आवाज छान आहे. त्यांना वाटायचं मी त्यांच्यासाठी म्हणते, मला वाटायचं ते माझ्यासाठी म्हणतात, आणि दोघांचंही खरंच होतं. अशानं निर्णय कसा व्हायचा? मला तो व्हायला नकोच होता. निर्णय झाला की स्टूल आत जाणार, चारचा चहा नुसता चहा होणार. मी मनातल्या मनात शफीकभाईंना घाबरून होते, कधीही येऊन विचारतील, टीचरबाई, कितने दिन?

ते आलेच नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अप्पांना उन्हाचा त्रास झाला. ताप, मग दवाखाना, मग तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. इतकं साधं. शाळा उघडायला आठ दिवस होते आणि आभाळात काहीही नव्हतं. मी दवाखान्यातून घरी आले तर गॅलरीत स्टूल तसंच होतं आणि पाटी भिंतीला टेकवलेली होती, आकडा आत करून. मी ती उचलली नाही. पुढचे कितीतरी दिवस मी त्या दाराला कडीच लावून ठेवली.

शफीकभाई रोज येत होते. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी कॅमेऱ्यांची पिशवी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "माफ करा, तुमचे कॅमेरे अडीच महिने अडकवून ठेवले. बरं झालं, लग्नं नव्हती."

त्यांनी पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाले, "शादियाँ थी ना. अक्षय तृतीया के बाद शुरू हो गई थी."

"मग?"

"भाड़े का कॅमेरा लाता था. उस्ताद का फोन आया था. बोले, शफीक, मांगने आना नक्को अभी. पोरगी शाळेतून लवकर येऊ लागली. फैसला हो गया तो फिर देर से आएगी."

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. तिथेच ओट्याला धरून रडले.

दोनशेच्या वर फोटो होते. प्रत्येकात पाटी. शफीकभाईंनी सगळे पाहिले आणि त्या ओठ किंचित उघड्या फोटोवर थांबले. त्यांनाही तोच वाटला. "पाटी काटू?" त्यांनी विचारलं. त्यांनी विचारलं हेच मला बरं वाटलं, तेही अप्पांकडेच शिकले होते. मी नको म्हटलं. दहाव्याला सिल्लोडचा चुलतभाऊ माझ्या कानाशी लागला, "ताई, हे काय, कैद्यावानी? अन् दोन म्हंजे काय?" मी त्याला म्हटलं, चाचणी चालू आहे. तो घाबरून दोन पावलं मागे सरकला. दुःखानं हिचं डोकं फिरलं असंच त्यानं घरी सांगितलं असणार.

कॅमेरा मी पहिला ठेवला, खाडकन वाजणारा, ठिपक्यासकट. दुसरा शफीकभाईंबरोबर गेला आणि पुढे कितीतरी लग्नांत फिरला. त्या जुलैत पाऊस आला, पुढे पुन्हा दोन वर्षं आला नाही, समोरच्या इमारतीत माणसं राहायला आली. दिवस गेले.

मग एकदा शाळेची सहल होती. मुली पायऱ्यांवर ओळीनं उभ्या राहिल्या, मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि त्यातली एक म्हणाली, "बाई, तुम्ही पण या ना. टायमर लावा."

टायमर. बटण दाबायचं, दहा सेकंदांत पळत जाऊन उभं राहायचं. मला माहीत नव्हता असं नाही. पहिल्याच दिवशी मी अप्पांना बटणांची यादी वाचून दाखवली होती. टायमरशी आल्यावर ते म्हणाले होते, "त्यो दोन्हीत सारखाच. जे दोन्हीत सारखं ते तपासायचं काहून?" बरोबरच होतं. आम्ही पुढे गेलो होतो. आवाज तपासला, दाणा तपासला, धूळ तपासली, सदऱ्याच्या घड्या मोजल्या. दोघांत सारखं होतं ते तेवढं तपासलं नाही. दोनशे फोटोंत अप्पांच्या खांद्यावर कुणाचाच हात नाही. पुसायला सुद्धा नाही. माझा हात कॅमेऱ्यावर होता, मागे.

त्यांना करमत नव्हतं, मला करमत नव्हतं. त्यांनी फोन करून कॅमेरे थांबवले, मी बाजू बदलून निर्णय थांबवला. अडीच महिने एकमेकांसमोर तीन हातांवर बसून आम्ही एकमेकांना हे बोललो नाही. बोललं असतं तर काय झालं असतं? फार काही नाही. मी स्टुलाच्या मागे जाऊन उभी राहिले असते.

या एप्रिलमध्ये टँकरचा हॉर्न आला आणि मी पत्र्याच्या पेटीतून कॅमेरा काढला. स्टुडिओतला जुना स्टँड उघडला. स्टूल गॅलरीत नेलं. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पाटी आणली, कारण रिकाम्या स्टुलावर फोकस कसा धरणार? पाटी टेकवून ठेवली, तिच्यावर फोकस धरला, टायमर लावला. दिवा लुकलुकायला लागला. मी गेले, पाटी उचलली आणि तिच्या जागी बसले. दहा सेकंद फार असतात. समोरच्या गच्चीवरची बाई ड्रम भरायचा सोडून माझ्याकडे बघत होती. हनुवटी वर करावी की नको ते ठरेना. मग खाडकन वाजलं.

संध्याकाळी फोटो मोठा करून पाहिला. मागे डोंगर नाही, कपडे आहेत. वर कोपऱ्यात धुळीचा ठिपका आहे. माझ्या डाव्या भुवईचा आकार अप्पांचा आहे, खोक सोडून. आणि पाटीवर, पुसट झालेला पण वाचता येतो असा, त्यांच्या हातचा २ आहे.

कॅमेरा पहिला. पाटीवर दोन. अडीच महिन्यांत एकदाही न झालेली चूक. अप्पा असते तर तडकले असते: पुस ते, एक लिही, अन् परत बस.

मी पाटी पुसली नाही. पाटी पुन्हा लुगड्यात गुंडाळली, आणि ते अजून काय काय बोलले असते ते ऐकत कॉम्प्युटरसमोरच्या त्या दुसऱ्या, अप्पांच्या खुर्चीशेजारी बराच वेळ बसून राहिले.